वेळास ते गणपतीपुळे: बंड्याला न्यायचं की नाही?

चिपळूणजवळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय अडतीस, घरचा मसाल्यांचा व्यवसाय. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन मैत्रिणींबरोबर वेळासपासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याने चालत जायचं त्यांनी ठरवलं आहे. दहा दिवस, रोज पंधरा ते अठरा किलोमीटर, रात्री वाटेतल्या गावात कुणाच्या तरी घरी मुक्काम. घरी बंड्या नावाचा सहा वर्षांचा कुत्रा आहे. आई गावठी, बाप लॅब्राडोर, वजन सव्वीस किलो. त्यालाही बरोबर न्यावं असं त्यांना फार वाटतं. रोज सकाळी तो त्यांच्याबरोबर तीन-चार किलोमीटर चालतो आणि कधी दमलेला दिसत नाही. गेल्या वर्षी त्या दोन दिवस पुण्याला गेल्या तेव्हा त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, दारात बसून राहिला. एक मैत्रीण म्हणते, आण की, मजा येईल. दुसरी काहीच बोलत नाही. सासूबाई म्हणतात, मुक्या जनावराचे हाल करू नकोस. भाऊ म्हणतो, गावठी रक्त आहे, त्याला काय होतंय! शेवटी त्या लिहितात, ‘युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातसुद्धा कुत्र्याला सोडलं नाही. मग मी दहा दिवस भटकायला जाताना त्याला मागे कशी टाकू?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तयारीला लागला असाल, म्हणून उत्तर आधीच सांगते. दहाच्या दहा दिवस बंड्याला नेऊ नका. त्यातले दोन-तीन दिवस मात्र त्याला जरूर द्या, आणि ते दिवस त्याच्या पायाने, त्याच्या वेळेने ठरवा. असं का म्हणते आणि ते कसं जमवायचं, ते आता सविस्तर लिहिते.

युधिष्ठिरापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या मनातली टोचणी त्या वाक्यात आहे. महाप्रास्थानिक पर्वात पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुरातून निघतात तेव्हा तो कुत्रा आपणहून त्यांच्या मागे येतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही, त्याच्या गळ्यात पट्टा नाही, कुणाच्या मुक्कामाला पोचायची त्याला घाई नाही. वाटेत कुठेही थांबायची त्याला मोकळीक होती. बंड्याला ती नसेल. दाभोळच्या जेट्टीवर दुपारी एक वाजता त्याला पुढे जायचं नसेल, तर तो काय करणार? मागे फिरून चिपळूण गाठणार नाही. तुम्ही उठलात की तोही उठेल. म्हणून मला त्या कथेतल्या निष्ठेपेक्षा ती मोकळीक जास्त महत्त्वाची वाटते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथूनच शोधते आहे.

तुम्ही लिहिता, तो कधी दमलेला दिसत नाही. तीन-चार किलोमीटरला निरोगी कुत्रा दमणारच नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की माणूस चालतोय तोवर कुत्रा सहसा आपलं दमणं उघड करत नाही. तुमच्याबरोबर राहणं हेच त्याचं काम, आणि ते तो शेपूट हलवत करतो. म्हणून शेपटीकडे बघून अंदाज बांधू नका, तोंडाकडे बघा. जीभ नेहमीपेक्षा लांब लोंबते, टोकाशी रुंद होते, लाळ चिकट आणि दाट होते. तो वाळूतल्या होड्यांच्या सावलीकडे ओढ घेऊ लागतो, चार पावलं मागे राहायला लागतो. ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि निरोगी कुत्र्यात साधारण दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्याला जास्त वेळ लागत असेल, किंवा हिरड्या लालभडक किंवा फिकट दिसत असतील, तर त्या दिवसाचं चालणं तिथेच संपलं. हे घरी, तो शांत असताना दहा वेळा करून पाहा, म्हणजे त्याची नेहमीची हिरडी तुमच्या नजरेत बसेल.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. गावठी कुत्रा काटक असतो हे खरंच आहे. आखूड केस, सडपातळ अंग, हे आपल्या हवेतच घडलेलं जनावर आहे. पण कोकणातले गावठी कुत्रे दुपारी काय करतात ते एकदा नीट बघा. अकरा वाजले की हर्णैच्या बंदरावरचा कुत्रा ओढून ठेवलेल्या होडीखालची ओली वाळू उकरतो आणि पोट टेकून पडतो. उन्हं कलेपर्यंत तो हलत नाही. त्याचा काटकपणा त्या पडून राहण्यात आहे. पाठीवर पिशवी घेऊन साडेबाराला पुढच्या गावाकडे निघणं त्याच्या रक्तात नाही, आणि बंड्याच्या तर निम्मंच रक्त ते आहे. उरलेलं लॅब्राडोरचं. त्या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच आढळतो आणि वजन पटकन वाढतं. शिवाय सहा वर्षं तो पंख्याखाली झोपला आहे.

उन्हापेक्षाही आपल्याकडे वाईट असतो तो दमटपणा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडा सुटतो तेवढाच. तो अंग थंड करतो ते धापा टाकून. जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी हवेत उडून जातं आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. हवा आधीच ओलीचिंब असेल तर पाणी उडत नाही, आणि कुत्रा नुसता धापत राहतो. घाटावर कोरड्या हवेत जे अंतर तो सहज चालेल, तेच किनाऱ्यावर त्याला जड जातं. फेब्रुवारीतही दुपारी आपल्याकडे पारा तिशीच्या वर असतो. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१च्या पुढे गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते, आणि धापणारा कुत्रा अडखळायला लागला, त्याला उलटी झाली, की हातात फार वेळ नसतो. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. बर्फ लावू नका आणि ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच अडते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘किनाऱ्याची मऊ वाळू आहे, पायाला त्रास होणार नाही.’ नकाशा पुढे घ्या आणि एकेक टप्पा बघा. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. वाशिष्ठी ओलांडून धोपावे, अंजनवेल, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. मग शास्त्रीची खाडी, जयगड आणि मालगुंड. यात सलग वाळू किती आहे? प्रत्येक दोन पुळणींच्या मध्ये समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक आहे, आणि ते ओलांडायचं म्हणजे सड्यावर, वरच्या कातळी पठारावर, चढायचं. जांभ्याचा तो काळवंडलेला कातळ सकाळी नऊनंतर तापायला लागतो आणि तुमच्या बुटांच्या तळव्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. उरलेलं डांबर. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवा. ती ठेववत नसेल तर बंड्याने त्यावर चालायचं नाही. आणि वाळूही पायाला सोयीची असते ती भरतीच्या रेषेखालची, ओली. वरची कोरडी वाळू दुपारी भाजते आणि तिच्यात पाय रुतून खांदे भरून येतात. खारं पाणी आणि वाळू यांनी पंजाच्या बोटांमधली कातडी सोलवटते, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात येतं. चालताना तो लंगडत नाही. रात्री पडल्या पडल्या एकच पंजा चाटत बसतो.

माझ्या ‘नाही’चं सगळ्यात मोठं कारण मात्र बंड्याच्या तब्येतीचं नाही.

तुम्ही निवडलेला महिना आणि तुम्ही निवडलेला किनारा हा ऑलिव्ह रिडले कासवांचा आहे. वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, या सगळ्या पुळणींवर थंडीपासून माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून हे काम सुरू केलं, आणि आज गावोगावचे कासवमित्र रोज पहाटे पुळण पालथी घालतात, माद्यांच्या पायांचे माग शोधतात, अंडी काढून कुंपणाच्या आत हलवतात. ही धडपड कशासाठी? घरटी उकरून अंडी खाणाऱ्यांत कोल्हे आणि रानडुकरं आहेत, तसेच कुत्रेही आहेत. मादी रात्री येते, कासवमित्र पहाटे पोचतो, आणि मधल्या वेळात वाळूतल्या त्या घरट्याला कुणी राखण नसते. कुत्र्यासाठी चालायची सगळ्यात चांगली वेळ तीच, पहाटेची गार. म्हणजे बंड्याचं सुख आणि घरट्याचा धोका एकाच तासात येतात. बंड्या गुणी असेल, पण त्याच्या नाकाला गुणी राहायला सांगता येत नाही. किनाऱ्यावर बसलेल्या कुरवांच्या थव्यामागे मोकळा कुत्रा धावला की आपल्याला गंमत वाटते. त्या पक्ष्यांपैकी बरेच हिवाळ्यापुरते लांबून आलेले असतात आणि विश्रांतीच्या जागेवरून पुन्हा पुन्हा उठवलं की त्यांची ताकद वाया जाते. म्हणून या किनाऱ्यावर कुत्रा न्यायचाच तर तो पट्ट्यात, आखूड दोरीवर आणि ओल्या वाळूवरूनच. कासवाच्या पुळणीवर जायच्या आदल्या दिवशी गावात कासवमित्राला विचारा. ते नको म्हणाले तर वरच्या रस्त्याने जा.

दुसरी गोष्ट लोक निघण्यापूर्वी मोजतच नाहीत. ती म्हणजे वाटेतले कुत्रे. तुमच्या गल्लीत बंड्याला सगळे ओळखतात. या वाटेवर दर दोन-तीन किलोमीटरला नवी वाडी, आणि प्रत्येक वाडीच्या तोंडाशी तिचे राखणदार. बंदरावर तर टोळ्याच असतात, माशांवर पोसलेल्या, अंगापिंडाने भरलेल्या. एकटा माणूस गेला तर ते भुंकून गप्प बसतात. परका कुत्रा आला की चारी बाजूंनी येतात. हे दिवसातून पाच-सहा वेळा, दहा दिवस. दोरीवर बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही म्हणून तो आधी चावायला जातो. सोडला तर पळत कुठे जाईल सांगता येत नाही. अशा वेळी त्याला उचलून घ्यावं म्हटलं, तर सव्वीस किलोचं ओझं घेऊन वाळूत किती पावलं टाकाल? वाडी दिसली की लांबूनच हाक देऊन माणसाला पुढे बोलवायचं, ‘जरा कुत्रे धरा हो’ म्हणायचं, काठी उगारायची नाही, नुसती खाली धरून दोघांनी मिळून कुत्र्याला मध्ये घेऊन हळू चालायचं, हे जमतं. पण त्यासाठी तुमच्या मैत्रिणींना यात मनापासून भाग घ्यावा लागेल.

इथे तुमच्या पत्रातल्या एका छोट्या वाक्याशी मी थांबले. ‘दुसरी काहीच बोलत नाही.’ जी मैत्रीण मसाल्यांच्या गप्पांपासून मुक्कामाच्या घरांपर्यंत सगळ्यावर बोलते आहे, ती फक्त बंड्याच्या विषयाला गप्प होत असेल, तर तो होकार समजू नका. तिला कुत्र्याची भीती वाटत असेल, लहानपणी चावा बसला असेल, रात्री एका खोलीत कुत्रा नको असेल. किंवा तिला साधं हे कळलं असेल की कुत्रा आला की दहाही दिवसांचं वेळापत्रक त्याचं होणार, आणि ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दुखावाल. कदाचित तिलाही कितीतरी वर्षांनी घरातून सुट्टी मिळत असेल. तिला बंड्याबद्दल विचारू नका, ‘तुला कसं चालायला आवडेल?’ असं विचारा. सकाळी किती वाजता निघायचं, दुपारी कुठे टेकायचं, देवळात जायचं का, खानावळीत बसून जेवायचं का. वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे ही तिच्या दृष्टीने देवाची वाट असेल, तर प्रत्येक देवळाबाहेर एकीने कुत्रा धरून उभं राहायचं हे तिने कबूल केलेलं नाही.

मुक्कामाच्या घरांचंही तसंच आहे. आपल्याकडे घरगुती मुक्काम देणारी माणसं अगत्याची असतात, फोनवर ‘या, या’ म्हणतात. कुत्रा आहे हे आधी सांगा, त्याचं वजन सांगा आणि मग त्यांना ‘नाही’ म्हणायला जागा ठेवा. शेणाने सारवलेलं अंगण, मोकळ्या कोंबड्या, ओटीवरची मांजर, दांडीवर वाळत घातलेले बोंबील, घरात म्हातारं माणूस सोवळ्याचं, यांतलं काहीही अडचणीचं असू शकतं. ‘त्याला बाहेर बांधून ठेवू’ असं तुम्ही सहज म्हणाल, तर ते मात्र अजिबात करू नका. कोकणात बिबट्या गावाच्या कडेला वावरतो आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा रात्री सुरक्षित नाही. तो बंद दाराआड तुमच्या खोलीत झोपणार असेल तरच तिथे राहायचं.

बाकीचे धोके भराभर सांगते, पण ते हलके समजू नका. किनाऱ्यावर वाहून आलेला केंड मासा विषारी असतो आणि कुत्र्याला तो मासाच वाटतो. जाळ्याचे तुकडे आणि आमिष लावलेले गळ वाळूत पडलेले असतात. तहानेला समुद्राचं पाणी प्याला तर उलट्या-जुलाब सुरू होतात. सड्यावर दगडांखाली फुरसं असतं, म्हणून तिथे त्याला नाक खुपसू द्यायचं नाही. काही ठिकाणी कुंपणाच्या कडेला डुकरांसाठी फासकी लावलेली असतात, त्यामुळे वाट सोडून रानात शिरायचं नाही. फेब्रुवारीत आंब्याचा मोहोर असतो आणि हापूसच्या बागांत फवारण्या चालू असतात. झाडाखालचं गवत आणि फवारणीच्या पिंपाजवळचं डबकं, दोन्ही टाळा. आणि तुमच्या स्वतःच्या पिशवीकडेही बघा. चालताना खायचे बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. तुमच्या गुडघ्यासाठी आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्या त्याला कधीही, अर्धीसुद्धा, द्यायच्या नाहीत. आपली औषधं आपण जशी दुसऱ्यांना प्रेमाने वाटतो तशीच ती कुत्र्यालाही दिली जातात, म्हणून मुद्दाम लिहिते.

मग तो मागे राहिला तर? तुमच्या मनाला हेच खातं आहे. पुण्याला गेलात तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही, याचा अर्थ तुम्ही लावला की तुमच्याशिवाय तो राहूच शकत नाही. मला त्यात दुसरी शक्यता दिसते. त्याला घरी कोण जेवायला घालतं? तुम्ही. फिरायला कोण नेतं? तुम्ही. सहा वर्षं एकाच हाताची सवय, आणि तो हात एका सकाळी अचानक नाहीसा झाला. याला उपाय आहे आणि तो आजपासून सुरू करता येईल. सकाळचं फिरणं तुमचं राहू दे, संध्याकाळचं जेवण सासूबाईंच्या हातून जाऊ दे. दोन आठवड्यांनी एक रात्र तुम्ही माहेरी राहा. मग दोन रात्री. त्याच्या अंथरुणात तुमची वापरलेली जुनी साडी किंवा ओढणी असू दे. निघताना दारात निरोपाचा सोहळा नको, रोज बाजारात जाता तसं जा. सासूबाईंनी त्याची बाजू घेतली आहे हे विसरू नका. मुक्या जनावराचे हाल होतील अशी काळजी करणारी बाई घरात असणं ही मोठीच सोय आहे, आणि त्यांना हे काम मानाने सोपवलंत तर त्या ते मनापासून करतील असं मला वाटतं. निरोगी कुत्रा एखादा दिवस कमी जेवला तर घाबरायचं नाही. पाणी पितो का, तेवढं विचारा. दोन दिवसांच्या पुढे गेलं तर डॉक्टर.

आता त्याचे दोन-तीन दिवस. तुमच्या भावाचा बंड्याच्या काटकपणावर एवढा विश्वास आहे, तर त्याला कामाला लावा. त्याने सातव्या किंवा आठव्या दिवशी संध्याकाळी बंड्याला गाडीतून वेळणेश्वरला आणावं. दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटताना निघा आणि साडेनऊच्या आत त्या दिवसाचं त्याचं चालणं संपवा, सात-आठ किलोमीटरच्या वर नाही. भाऊ गाडी घेऊन पुढच्या गावात उभा असेल, बंड्या गाडीत बसेल, तुम्ही तिघी हवं तर पुढे चाला. तवसाळच्या फेरीबोटीला लोक जंगलजेट्टी म्हणतात, तिच्यात त्याला गाडीतूनच न्या. किनाऱ्याला लागताना पुढची लोखंडी फळी सिमेंटवर घासत खाली पडते तो आवाज, इंजिनाची थरथर आणि तापलेला पत्रा, हे तिन्ही नवख्या कुत्र्याला एकदम सोसत नाही. शेवटच्या दिवशी मालगुंडच्या पुळणीवर सकाळी त्याला मनसोक्त चालवा. तिथेच थांबा. गणपतीपुळ्याच्या गर्दीत त्याला न्यायची गरज नाही. देवदर्शनाला तुम्ही जा, तो भावाबरोबर राहील.

एवढ्या चालण्यालाही तयारी लागते. निघायला सात-आठ आठवडे असतील, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून खुबे, गुडघे, हृदय तपासून घ्या आणि वजन कमी करायला सांगितलं तर पोळी कमी करा. रेबीजची लस चालू हवी आणि तिचा कागद बरोबर हवा. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजारावरची, लस झाली आहे का पाहा. गोचीडतापाने कुत्रा मरू शकतो, तेव्हा गोचिडांवरचं औषध निघण्यापूर्वी आणि रोज संध्याकाळी कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघणं, दोन्ही हवं. सकाळचं फिरणं दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. निघण्याआधीच्या पंधरवड्यात सलग दोन दिवस सात-आठ किलोमीटर चालवा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता त्याच्याकडे बघा. पट्टा हातात घेतल्यावर तो उठून दाराशी आला तर ठीक. उठताना मागचे पाय ताठ वाटले, किंवा नुसती शेपूट आपटून पडून राहिला, तर त्याने उत्तर दिलं. मग त्याचे दोन दिवस एका दिवसावर आणा आणि वाईट वाटून घेऊ नका.

पट्टा गळ्याचा नको, छातीवरून जाणारा घ्या आणि तो महिनाभर आधी घालून काखेत घासत नाही ना ते बघा. पाणी किलोला साधारण ५० ते ६० मिली हे घरी बसलेल्या कुत्र्याचं माप, म्हणजे बंड्याचं दिवसाला दीड लिटरच्या आसपास. चालताना त्याच्या दुप्पट धरा आणि ते तुमच्या पाण्याव्यतिरिक्त धरा. निघण्यापूर्वी पोटभर खायला घालू नका. थोडं द्या, मुख्य जेवण मुक्कामाला पोचून तासभराने. दापोली, गुहागर, रत्नागिरी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांचे फोन निघण्यापूर्वी मिळवा आणि कुत्रे बघता का, हे विचारून घ्या, कारण तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य काम गाईगुरांचं असतं. त्याची घाण पुळणीवर सोडायची नाही. कागदात उचलून बरोबर न्यायची.

अशाच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना कोकणात लांब चालवणं हे मी कोणत्याही ऋतूत सुचवणार नाही. त्यांना धापाच नीट टाकता येत नाहीत. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांचंही तेच. मोठ्या जातीचं पिल्लू वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत त्याची हाडं वाढत असतात, तोवर डोंगर चढवू नका. फणसाडसारख्या अभयारण्याच्या हद्दीतून वाट जात असेल तर कुत्रा घरीच. आणि ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनाही एक सांगायचं आहे. गावातला एखादा कुत्रा सकाळी तुमच्या मागे येतो, तुम्ही बिस्किट देता, फोटो काढता, तो आणखी पुढे येतो. गडाच्या वाटेवर तो संध्याकाळी परत जातो. किनाऱ्यावर मध्ये खाडी असते. तुमच्या मागोमाग बोटीत चढलेला कुत्रा पलीकडच्या टोळीच्या तावडीत सापडतो आणि त्याला परत आणणारं कुणी नसतं. गाव सोडताना बिस्किट देऊ नका. तरी आलाच, तर जेट्टीवरच्या माणसाला त्याला धरून ठेवायला सांगा आणि मगच बोटीत पाय ठेवा.

तुम्ही आता पहिल्यांदा त्या गप्प मैत्रिणीला फोन करा, मग भावाला. वेळणेश्वरला कोणत्या संध्याकाळी यायचं ते त्याच्याशी पक्कं झालं, की तिथल्या मुक्कामाच्या घरी विचारा, ‘सव्वीस किलोचा कुत्रा रात्री खोलीत झोपला तर चालेल का?’ त्यांनी जराही आढेवेढे घेतले तर दुसरं घर शोधा. त्यासाठी तुमच्या हातात अजून वेळ आहे.